पापुद्र्याकडून डायकडे : प्रस्तावना

वाशिम जिल्ह्याचं नाव निघालं की सोयाबीन आणि तूर आठवते, पोहरादेवीची यात्रा आठवते, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंज्याचं गुरुमंदिर आठवतं. ॲल्युमिनियमच्या ओतकामाशी हे नाव कुणी जोडत नाही, आणि त्यात कुणाचं काही चुकतही नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीवर चालतो. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिम होता. मग डाय कास्टिंगच्या टूलिंगवरचं पुस्तक इथल्या वाचकासमोर कशाला ठेवायचं?

कारण इथली पोरं त्या कामावर आधीच लागलेली आहेत. वाशिम, रिसोड, मंगरुळपीरकडची आयटीआय झालेली मुलं वाळूजला जातात, चाकणला जातात, रांजणगावला जातात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या पट्ट्यातूनच जातो, त्यामुळे संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती आणखी जवळ आल्या. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना १९८५ चा. पुढे एंड्युरन्स म्हणून वाढलेल्या अनुरंग इंजिनिअरिंगची सुरुवातही त्याच वर्षाची, तीही ॲल्युमिनियम डाय कास्टिंगपासून. म्हणजे मराठवाड्याच्या त्या टोकाला गाडीचे सुटे भाग दाबाखाली ओतण्याचं काम गेली चाळीस वर्षं चाललेलं आहे. तिथे भरती होणाऱ्या नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी ना मशीन येतं, ना टूलरूम. त्याला फेटलिंगच्या टेबलावर उभं करतात, हातात कानस देतात आणि समोर गरम कास्टिंगचा क्रेट ठेवतात. कडेला आलेला धातूचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, काढायचा आणि पुढचा पीस घ्यायचा. कित्येकांची वर्षं तिथेच जातात.

प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकाने हे नीट ओळखलं आहे. या विषयावरची इंग्रजी पाठ्यपुस्तकं आधी मशीन सांगतात, मग मिश्रधातू, मग डायचं डिझाइन, आणि ट्रिमिंगसाठी, म्हणजे हा पापुद्रा कापून काढण्यासाठी, शेवटची चार पानं ठेवतात. इथे पहिलंच प्रकरण फ्लॅशवर आहे, दुसरं ट्रिमिंग डायवर, आणि आपण जिला मुख्य डाय म्हणतो ती थेट चौथ्या प्रकरणात येते. मला हा क्रम नुसता सोयीचा नाही, योग्यही वाटतो. डायचं आजारपण इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये उमटण्याच्या आधी कानशीच्या टेबलावर उमटतं. फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसाला ते वाचायला कुणी शिकवलेलं नसतं.

फ्लॅश येते कशी, ते आधी पाहू. डायचे दोन अर्धे भाग असतात. एक मशीनच्या स्थिर प्लेटनला बांधलेला, दुसरा सरकणाऱ्या प्लेटनला. दोन्ही मिटले की आत पोकळी उरते, तीच कॅव्हिटी. प्लंजरने ढकललेलं वितळलेलं ॲल्युमिनियम रनरमधून येऊन अरुंद गेटमधून सेकंदाला ३० ते ५० मीटर वेगाने आत घुसतं आणि बहुतेक भाग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्याही आत भरतो. भरल्यावर खरा दाब बसतो. समजा रनर आणि ओव्हरफ्लो, म्हणजे जास्तीचा धातू जातो ते कप्पे, धरून कास्टिंगची सावली ४०० चौरस सेंटिमीटर पडते आणि दाब चौरस सेंटिमीटरला ६०० किलो आहे. म्हणजे डाय उघडायला बघणारं बल झालं २,४०,००० किलो, २४० टन. यावर वीसेक टक्के जास्तीचे धरले की आकडा तीनशे टनांच्या जवळ जातो, आणि म्हणून असा पीस साडेतीनशे टनाच्या मशीनवर लावतात. एवढ्या बळाने मिटलेल्या डायमध्येही कुठे एक दशांश मिलिमीटरची फट राहिली, तर धातू तिच्यात शिरतो आणि तिथेच गोठतो. हा झाला पापुद्रा.

पण तो सगळीकडे सारखा येत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. चारही बाजूंनी फ्लॅश आली तर दाब जास्त आहे किंवा मशीनचं मिटणं कमी पडतंय. एकाच कोपऱ्यात आली तर त्या बाजूच्या टाय बारवर ताण कमी आहे, किंवा डाय मिटते त्या पार्टिंग फेसवर मागच्या शॉटचा, म्हणजे मागच्या ओतण्याचा, तुकडा चिकटून बसलाय. आधी डाय पुसून बघा, मग सेटरला हाक मारा. एकाच जागी येते आणि आठवड्यागणिक जाड होत जाते, तर तिथली कड दबली आहे, डाय कामाला काढावी लागणार. स्लायडरच्या, म्हणजे डायच्या आडव्या सरकणाऱ्या तुकड्याच्या, भोवती आली तर त्याला मागून धरणारा वेज झिजलाय. इजेक्टर पिनच्या खुणेभोवती धातूची बारीक कंगणी दिसली तर पिनचं भोक मोठं झालंय. एवढं ज्याला कळलं त्याच्या हातात अजून कानसच असते, पण त्याचं बोलणं टूलरूमचा फोरमन ऐकतो.

ट्रिमिंग डायची उपेक्षा हा या धंद्यातला जुना हिशेबीपणा आहे. वितळलेला धातू तिला शिवत नाही, ती प्रेसवर बसते, कास्टिंगच्या आकाराचं घरटं आणि भोवती कापणाऱ्या पोलादी पट्ट्या एवढाच तिचा संसार. म्हणून कोटेशनमध्ये ती ‘नंतर बघू’ या रकान्यात जाते. दिवसाला दोनशे पीस असतील तर हाताने कानस मारलेली परवडते. रोजचे हजार-दीड हजार झाले की नाही परवडत, आणि माणसाच्या हातून कानस कधी खोल जाते, कधी उथळ. लेखकाचं म्हणणं असं की कास्टिंग डाय आणि ट्रिमिंग डाय एकाच वेळी, एकाच ड्रॉइंगवरून आणि शक्यतो एकाच टूलरूममध्ये व्हाव्यात. मी यात एकच भर घालीन. कास्टिंग डायची दुरुस्ती झाली की ट्रिमिंग डायवरही पीस बसवून बघा. पार्टिंग लाइन थोडी सरकलेली असते आणि कापणारी पट्टी मग पापुद्र्याऐवजी पिसाची भिंत खाते.

आता टूलिंगच्या प्रकारांकडे. त्यांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही. प्रत्येक प्रकारामागे दोनच प्रश्न असतात. पीस किती हवेत? आणि बिघडलं तर कुठला भाग बदलता येईल?

दहा-वीस पीसच हवे असतील तर डाय बनवायचीच नाही. ठोकळ्यातून मशीनवर कापून घ्या, किंवा वाळूत ओतून घ्या. पण अशा नमुन्यावर ताकदीची चाचणी घेऊन निश्चिंत होऊ नका. डायच्या थंड भिंतीला लागून धातू झटकन गोठतो, त्याने वरची कातडी दाट आणि बारीक कणांची होते. पातळ भिंतीच्या डाय कास्टिंगची बरीचशी ताकद त्या कातडीतच असते. ठोकळ्यातून कापलेल्या नमुन्याला ती कातडी नसतेच. म्हणून काही शे ते काही हजार पीस लागणार असतील तेव्हा प्रोटोटाइप डाय करतात. पोलाद कमी कडक, पी-२० सारखं, शीतकरण साधं, स्लायडरऐवजी हाताने बसवायचे सुटे तुकडे. ती लवकर तयार होते आणि लवकर संपते. अलीकडे पोलादाच्या भुकटीतून थरावर थर चढवून छापलेले इन्सर्टही येऊ लागलेत. त्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. कोअरच्या वळणाबरोबर वळणारी पाण्याची वाट ड्रिलने पाडता येत नाही, ती यात पाडता येते.

युनिट डाय हा छोट्या कारखान्यांचा आधार. बाहेरचा होल्डर एकच, ठरलेल्या मापाचा. आतले कॅव्हिटीचे तुकडे ज्याच्या त्याच्या पिसाचे. जस्ताच्या लहान वस्तूंना, म्हणजे कुलपाचे भाग, मुठी, बकला यांना ती चांगली मानवते. गुंतागुंतीचे स्लायडर मात्र तिच्यात मावत नाहीत. मल्टी-कॅव्हिटी डायमध्ये एका शॉटमध्ये एकाच पिसाच्या दोन, चार, आठ प्रती पडतात. कॉम्बिनेशन डायमध्ये वेगवेगळे पीस एकाच डायमध्ये पडतात, डावा आणि उजवा, झाकण आणि डबा. कागदावर ही कल्पना फार गोड दिसते. प्रत्यक्षात एक पीस जाड, एक पातळ. एक आधी भरतो, दुसरा उपाशी राहतो. एकाचं रिजेक्शन वाढलं की दुसराही विनाकारण ओतत बसावा लागतो, आणि गोदामात डाव्यांचा ढीग होतो, उजवे मिळत नाहीत. लेखकाने या प्रकाराला तीन ओळींत निकाली काढलं आहे. मी एका ओळीत काढला असता.

या सगळ्यांच्या वर प्रॉडक्शन डाय. तिचा बाहेरचा चौकट-भाग म्हणजे बोल्स्टर, साध्या पोलादाचा. धातूला भिडणारे कॅव्हिटी आणि कोअरचे इन्सर्ट एच-१३ चे. एच-१३ मध्ये क्रोमियम पाच टक्क्यांच्या आसपास असतं, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. उष्णोपचारानंतर ॲल्युमिनियमच्या डायसाठी त्याची कडकता साधारण ४४ ते ४८ रॉकवेल ठेवतात. जास्त कडक केलं तर झीज कमी होते, पण तडा मोठा जातो. आत कोअर पिना, स्लायडर, इजेक्टर पिना, रिटर्न पिना, गाइड पिलर, पाण्याच्या वाटा. कडेला हवा निघून जायला व्हेंट, तेही एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच खोल, नाहीतर हवेमागून धातूही निघतो. कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून २०० मिलिमीटरच्या पिसाला कॅव्हिटी साधारण २०१ ची कोरतात. डायचं काम शिकणाऱ्याने हा एक मिलिमीटर कधी विसरू नये.

डाय मरते कशाने? झिजण्यापेक्षा जास्त ती उष्णतेने मरते. साडेसहाशे अंशांचा धातू पृष्ठभागाला भिडतो, काही सेकंदांत डाय उघडते आणि त्याच पृष्ठभागावर पाणी मिसळलेल्या वंगणाचा फवारा बसतो. पोलादाची वरची कातडी फुगते, आकसते, पुन्हा फुगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची काळी जमीन भेगाळते तसं जाळं एच-१३ वर पडतं, फक्त केसाएवढं बारीक. मग धातू त्या भेगांत शिरतो आणि कास्टिंगवर उंचावलेल्या शिरा दिसू लागतात. ॲल्युमिनियमच्या डायचं आयुष्य ढोबळमानाने लाखभर शॉटच्या आसपास धरतात. मिनिटाला एक शॉट, तिन्ही पाळ्या, मधली थांबणं वजा करून दिवसाला हजार शॉट पडले, तर लाख शॉट शंभर दिवसांत संपतात. जस्ताची डाय दहा लाखांच्याही पुढे जाते, कारण जस्ताचे मिश्रधातू सव्वाचारशे अंशांच्या आतबाहेर ओतले जातात. एवढा फरक असल्यामुळेच ॲल्युमिनियमच्या बाबतीत इन्सर्ट बदलता येणं ही चैन राहत नाही.

दुसरं दुखणं चिकटण्याचं. वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंड विरघळवून घेतं. म्हणूनच जस्तासाठी वापरतात ते हॉट चेंबर मशीन, ज्याचा प्लंजर आणि गूजनेक भट्टीतल्या धातूतच बुडालेले असतात, ॲल्युमिनियमला चालत नाही. इथे प्रत्येक शॉटला धातू पळीने किंवा लॅडलने शॉट स्लीव्हमध्ये ओतावा लागतो. आणि म्हणूनच एडीसी-१२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत थोडं लोखंड मुद्दाम राहू देतात, म्हणजे धातूची पोलादावरची भूक कमी होते. गेटच्या समोरची कोअर पिन सर्वांत आधी खराब होते, कारण उकळता मारा तिच्यावरच असतो. ती पिन सुटी, मागून काढता येणारी ठेवली तर पाळीतल्या पाळीत बदलता येते. इन्सर्टमध्येच कोरून काढली असेल तर डाय उतरवा, वेल्डिंग करा, स्पार्क मशीनवर लावा.

बदलता येणारा तुकडा वेगळा ठेवायचा, ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. दाबाखाली धातू साच्यात भरण्याच्या यंत्रांची सुरुवातच छापखान्याच्या खिळ्यांसाठी झाली. तशा हातयंत्राचं अमेरिकेतलं पेटंट १८४९ चं. इकडे मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणू रावजी आरू पोलादाच्या टोकावर देवनागरी अक्षर उलटं कोरत. त्या ठशाने तांब्यात ठोकून मातृका तयार होई, मातृका साच्यात बसवून शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की खिळा. मातृका झिजली की ठशावरून दुसरी पाडायची, साचा तोच. साचा म्हणजे बोल्स्टर, मातृका म्हणजे इन्सर्ट, असं म्हटलं तर फार ओढूनताणून होणार नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांत पाहायला मिळतात तशा धातूच्या जुन्या मूर्तींची जुनी रीत याच्या अगदी उलटी होती. मेण वितळून गेलेल्या पोकळीत रस ओतायचा आणि मूर्ती काढायला साचा फोडायचा. एक साचा, एक मूर्ती. तिथे डायचं आयुष्य हा प्रश्नच उद्भवत नाही.

ग्रॅव्हिटी आणि लो प्रेशर डायवर या पुस्तकात एकच लहान प्रकरण आहे. पिस्टन ग्रॅव्हिटीत, अलॉय व्हील लो प्रेशरमध्ये, आत वाळूचा कोअर ठेवता येतो, वेग कमी म्हणून डायवरचा मारही कमी. एवढं पुरेसं आहे. शीतकरणाच्या वाटांवर मात्र आणखी दहा पानं हवी होती. पाण्याची वाट कॅव्हिटीच्या फार जवळ नेली तर तडा, फार लांब ठेवली तर कास्टिंगच्या जाड भागात पोकळी. नवशिक्या डिझायनरची निम्मी रडगाणी इथेच सुरू होतात.

पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण पाचवं. लेखक वाचकाला भंगाराच्या दुकानात पाठवतो. मोटारसायकलचं जुनं क्लच कव्हर घ्या, वजनावर मिळतं, ते घासून स्वच्छ करा आणि उलटं धरा. आत ठिकठिकाणी गोल, किंचित खोल किंवा किंचित उंच ठसे दिसतील, ते इजेक्टर पिनांचे. कुठल्या बाजूला जास्त आहेत ते पाहा; जिथे पीस डायला घट्ट धरून बसतो, तिथे पिना जास्त. एका कोपऱ्यात बाण असलेली छोटी चकती उमटलेली असेल, ती वर्ष-महिना सांगते. शेजारचा आकडा कॅव्हिटीचा. कडेवर एका बाजूला तोडल्यासारखी जाडसर खूण, तिथे गेट होतं. तिच्या समोरच्या टोकाला लहान खुणा, तिथे ओव्हरफ्लोचे तुकडे होते. आता भिंतीला गुण्या लावा. ती सरळ नाही, दीडेक अंश कललेली आहे; ५० मिलिमीटर उंचीत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. हा कल नसता तर पीस डायमधून ओरबाडत निघाला असता. एवढं पाहून झाल्यावर लेखक सांगतो की या कव्हरची डाय कागदावर काढा. कितीही वाईट आली तरी काढा. चाकणला न जाता, वाशिमच्या घरात बसून डाय शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

पुढे रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. तिथे व्हीएमसी, वायरकट, स्पार्क मशीन हे सगळं हाताखालून जातं. पण अजूनही डाय मिटते की नाही हे ठरवायला फिटर एका फेसला निळा रंग लावतो, दोन्ही अर्धे मिटवतो, उघडतो आणि रंग कुठे लागला नाही ते बघतो. स्पॉटिंगला अजून बोटंच लागतात. टूलरूममध्ये शेतकऱ्याच्या घरची मुलं चांगली निघतात असं मी अनेकदा ऐकलं आहे. मला त्यात शेतीचा काही संबंध दिसत नाही. धीर धरून एकच कड चार तास घासण्याची तयारी ज्याची आहे, तो कुठूनही आलेला असो, चांगला फिटर होतो.

मोटारीचा मागचा सांगाडाच एका शॉटमध्ये ओतणाऱ्या सहा हजार टनांच्या मशीनांची हल्ली फार चर्चा असते. लेखकाने त्यांना हात लावलेला नाही आणि मला त्याची उणीव भासली नाही. वाळूज-चाकणमध्ये पहिली नोकरी धरणाऱ्याच्या वाट्याला शंभर टनांपासून हजार टनांपर्यंतची मशीनं येणार आहेत.

डाय मशीनवरून उतरवताना शेवटचा शॉट रनर, बिस्किट (शॉट स्लीव्हमध्ये उरलेला धातूचा गोळा), ओव्हरफ्लो यांच्यासकट न तोडता डायला बांधून टूलरूमकडे पाठवायचा, हा चांगल्या कारखान्यांतला नियम आहे. शॉटचा आकडा आणि पाळीतल्या तक्रारी कार्डावर लिहिलेल्या असतात, पण कार्ड घाईत भरलेलं असतं. शेवटचा शॉट खोटं बोलत नाही. पुस्तकाचं अखेरचं प्रकरण अशाच एका शॉटच्या छायाचित्रांचं आहे. सगळ्या बाजूंनी काढलेली छायाचित्रं, आणि खाली कोरी जागा. कुठे फ्लॅश आहे, कुठे शिरा उमटल्यात, कुठली पिन वाकली, कुठे धातू चिकटून ओरखडा पडलाय, हे वाचून डायवर काय काय काम काढायचं त्याची यादी वाचकाने स्वतः करायची आहे. उत्तरं मागे दिलेली नाहीत.